अमीर फख्रुद्दीन : लेबननचा राष्ट्रपुरुष की वसुलीचा मक्तेदार?

केळफूल
मंडळी, एक भांडण सोडवायला मदत हवी आहे. भांडण माझं नाही, पण रोज माझ्याच डब्यासमोर चालतं.

दुबईत आमच्या हापिसात दोन लेबनीज सहकारी आहेत. एक शूफच्या डोंगरातल्या बाक्लीन गावचा, द्रुझ (इस्लाममधून निघालेला एक वेगळा पंथ). दुसरी बैरुतची, इतिहासात एमए करून आता खरेदी विभागात पर्चेस ऑर्डरी काढते. परवा तो सहज म्हणाला, "आमच्या गावात जन्मलेल्या माणसाने लेबनन घडवला." ती हातातला घास तसाच ठेवून म्हणाली, "तुमच्या गावात जन्मलेला माणूस उस्मानी सरकारचा वसुली ठेकेदार होता. हिशेब चोख ठेवायचा, बास." झालं. तेव्हापासून दोघं एकमेकांशी फक्त ईमेलवर बोलतात, तेही मला सीसीत ठेवून.

माणूस म्हणजे अमीर फख्रुद्दीन मआन, दुसरा. जन्म १५७२ च्या आसपास. मआन हे शूफमधलं द्रुझ घराणं. बाप कुर्कुमाझ १५८५ च्या उस्मानी स्वारीत लपलेल्या अवस्थेत मेला, तेव्हा पोरगा बारा-तेरा वर्षांचा. १५९३ त त्याच्याकडे सैदा-बैरुतचा कारभार आला, १६०२ त सफदचा. १६०८ त त्याने थेट तस्कनीच्या ड्यूकशी तह केला. उस्मानी प्रजेतल्या माणसाने परक्या राजाशी परस्पर तह! १६१३ त दमास्कसच्या हाफिज अहमद पाशाची फौज अंगावर आली तेव्हा तो जहाजात बसून इटलीला गेला, पाच वर्षं तिकडेच राहिला, १६१८ त परत आला आणि पहिल्यापेक्षा मोठा झाला. १६२३ त अंजरच्या लढाईत त्याने दमास्कसच्या पाशालाच कैद केलं. शेवटी १६३३ त पकडला गेला आणि १६३५ त इस्तंबूलला मारला गेला.

इतकं मी वाचलंय. आता सांगा, दोघांतलं कोण बरोबर? सोमवारपर्यंत उत्तर हवं, सोमवारी तो फलाफल आणणार आहे.

चहाबाज
फलाफल कोणाच्या बाजूचा?

शिळोप्या
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

हिशेबनीस
बैरुतच्या बाईंना माझं मत. पण "बास" म्हणून सोडून देण्याइतकी ती गोष्ट लहान नाही.

उस्मानी सरकार तिथल्या प्रत्येक गावात तलाठी नेमत नव्हतं. एखाद्या भागाचा महसूल इतका, असं ठरायचं. तो भरायची हमी जो घेईल त्याला वसुलीचा हक्क. म्हणजे आपल्याकडचा इजारा. शब्दसुद्धा तिकडचेच. इजारा अरबी, मक्ता हा त्यांच्या मुकातआचा सख्खा भाऊ. आता मक्तेदाराचं गणित बघा. सरकारला ठरलेली रक्कम वेळेवर पोचली की वर किती काढलं हे कोणी विचारत नाही. आणि शेजारच्या मक्तेदाराची बाकी थकली तर? त्याची बाकी आपण भरायची आणि त्याचा मुलूख आपल्या नावावर करून घ्यायचा. फख्रुद्दीनने तिरपोलीच्या यूसुफ सैफाचं नेमकं हेच केलं. सैफाची बाकी कायम थकलेली. इटलीहून परतल्यावर अमिराने जुबैल, बत्रून असे तुकडे एकेक करून काढून घेतले. १६२५ त सैफा मेला, १६२७ त तिरपोलीच अमिराकडे आली.

तलवार होतीच, नाही असं नाही. पण अर्ध्या मोहिमांच्या मागे थकबाकी आहे. चाळीस वर्षं ताळेबंद बघण्यात गेलेल्या माणसाला हा राजा फार ओळखीचा वाटतो.

मिठाचा खडा
थोडक्यात, वसुली एजंट. धागा बंद करा.

हिशेबनीस
@मिठाचा खडा, वसुली एजंट फौज बाळगत नाही हो. ह्याने पगारी बंदूकधारी पोसले होते, सेकबान म्हणत त्यांना. अनातोलियात बंडं मोडल्यावर असे बेकार बंदूकवाले ढिगाने मोकळे फिरत होते. त्यांना पगार द्यायचा तर रोकड हवी, आणि रोकड कुठून आली? रेशमातून.

बोरूबहाद्दर
रेशमाचा मुद्दा आलाच आहे तर लिहितो.

लेबननच्या डोंगरात धान्य फारसं पिकत नाही. उतारावर दगडी बांध घालून पायऱ्या काढायच्या आणि त्यावर तुती लावायची. तुतीची पानं खुडून घरात किडे पोसायचे. घरभर किड्यांच्या पानं कुरतडण्याचा आवाज, पावसासारखा. (हे लेबननमध्ये ऐकलेलं नाही, कर्नाटकात रामनगरजवळ ऐकलंय. किडा तोच.) हे काम करायला माणसं लागतात, घरातल्या बायका-पोरांसकट. शूफमध्ये तेवढी माणसं नव्हती. उत्तरेकडच्या डोंगरात मारोनाइट ख्रिस्ती शेतकरी होते, त्यांना द्रुझ मुलुखात येऊन वसायला उत्तेजन मिळालं. माल सैद्याच्या बंदरातून युरोपी व्यापाऱ्यांच्या जहाजांवर चढायचा.

त्याच्या धार्मिक उदारतेचं फार कौतुक होतं. पुढे मारोनाइटांचा कुलगुरू झालेला दुवैही लिहून गेलाय की ह्या अमिराच्या काळात ख्रिस्ती लोकांची मान ताठ झाली. चर्चं बांधली, खोगीर घातलेल्या घोड्यावर बसले, पांढऱ्या मलमलीची पागोटी बांधली, जडावाच्या बंदुका खांद्यावर टाकल्या. इतर उस्मानी प्रांतांत ख्रिस्ती माणसाला घोड्यावर बसायचीसुद्धा बंदी असे, हे लक्षात घेतलं की त्या यादीचं महत्त्व कळतं. पण ज्याला तुती लावून हवी आहे तो शेतकऱ्याच्या पागोट्याचा रंग कशाला मोजेल? माझ्या मते उदारता आणि नफा दोन्ही खरं. त्यांत भांडण लावायची गरज नाही.

दिवेलागण
बोरूबहाद्दर, किड्यांच्या आवाजाचं वाक्य छान. बाकी मला त्याच्या आईबद्दल वाचायचंय. कोणी काहीच कसं लिहिलं नाही?

सित्त नसब नाव तिचं, तनूखी घराण्यातली. नवरा मेल्यावर मुलं तिने वाढवली. जॉर्ज सँडिस नावाचा एक इंग्रज प्रवासी १६१० च्या सुमारास तिकडे गेला होता. त्याने लिहिलंय की अमीर ठेंगणा, पण हिमतीचा मोठा, वय चाळिशीचं, कोल्ह्यासारखा लबाड आणि थोडा जुलमीही. पुढे म्हणतो, आईला विचारल्याशिवाय हा लढाई सुरू करत नाही की कुठला मोठा बेत तडीला नेत नाही.

१६१३ त पोरगा जहाजात बसून निघून गेला. मागे राहिली ती आणि धाकटा मुलगा यूनुस. शूफवर फौज चालून आली तेव्हा गावकऱ्यांतली वडीलधारी मंडळी घेऊन पाशाच्या छावणीत बोलणी करायला हीच गेली, आणि हमी म्हणून पाशाने तिलाच दमास्कसला नेऊन ठेवलं. अमिराच्या इटलीतल्या मुक्कामाबद्दल पानंच्या पानं लिहिली जातात. त्या पाच वर्षांत घर ज्यांनी धरून ठेवलं त्यांच्या वाट्याला दोन ओळी.

खडीसाखर
दिवेलागण, +१००. आईला विचारल्याशिवाय लढाई नाही, म्हणजे आमच्या घरातलंच पात्र. फक्त आमच्याकडे लढाई सोसायटीच्या मीटिंगमध्ये असते.

चहाबाज
ठेंगणा किती होता म्हणे? विचारतोय कारण मीही पाच फूट दोन इंच आहे आणि आदर्श शोधतोय.

बोरूबहाद्दर
@चहाबाज, तुमच्यासाठी खास. सैफा मंडळी चिडवायची म्हणे, ह्याच्या खिशातून अंडं पडलं तर फुटायचं नाही, इतका तो जमिनीला जवळ. लोककथा आहे, पण लेबननमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक.

गंमत पुढे आहे. अमीर इटलीत असताना हाफिज पाशाच्या फौजेसोबत सैफांचे लोक देर अल-कमरला आले आणि त्यांनी मआनांची घरं जाळली. परत आल्यावर ह्याने सैफांच्या अक्कारमधल्या वाड्याला वेढा दिला, वाडा पाडला, आणि ते दगड वाहून आणून देर अल-कमरची घरं पुन्हा बांधली, असं सांगतात. त्यावर शपथेचं एक अरबी कवनही आहे, आम्ही दिसायला लहान पण शत्रूच्या डोळ्यांत मोठे, अशा अर्थाचं. आणि हे सैफा कोण, तर व्याही! अमिराची एक बायको त्याच घराण्यातली, आणि त्याची मुलगी तिकडे दिलेली.

खडीसाखर
सोयरिकीतल्या माणसाचं घर पाडून त्याचेच दगड आणायचे. ह्यापुढे आमच्या लग्नातल्या मानपानाच्या भांडणाला मी भांडण म्हणणार नाही.

मुक्काम फिरेंझे
मी फ्लोरेन्सजवळ राहतो, म्हणून इटलीचा भाग मी घेतो.

१६१३ च्या नोव्हेंबरात तो लिव्होर्नोला उतरला. तेव्हा तस्कनीत कोसिमो दुसरा हा मेदिची ड्यूक होता. तह केला होता त्याच्या बापाने, फर्दिनांदने, आणि तो १६०९ तच वारला होता. म्हणजे अमीर ज्याच्या शब्दावर आला तो माणूसच उरला नव्हता. तरी पाहुणचार झाला, पलाझ्झो वेक्योमध्ये उतरवलं. त्या वाड्यात मी तीन-चारदा गेलोय, पाहुणे आले की जावंच लागतं. छताकडे बघून मान दुखते. शूफच्या डोंगरातून आलेल्या माणसाला तिथे पहिल्या रात्री झोप लागली असेल का, हा माझा नेहमीचा प्रश्न.

मेदिचींना हा हवा होता कशाला? त्यांना पूर्वेकडे पाय रोवायचे होते. १६०७ त त्यांनी सायप्रसमध्ये फामागुस्तावर छापा घालून बघितला, तो फसला. लेबननच्या किनाऱ्यावर आपला माणूस, त्याची बंदरं, त्याचे किल्ले, पुढे जमलं तर जेरुसलेम, असे मनातले मांडे. त्यांनी लेबननला माणसं पाठवून पाहणीही केली. मग खर्चाचा आकडा समोर आला असावा, कारण उत्साह ओसरला.

१६१५ त अमीर सिसिलीत मेस्सिनाला गेला, स्पेनच्या राजाचा तिथला सुभेदार ओसुनाचा ड्यूक, त्याच्या आश्रयाला. तिथून एकदा त्याला जहाजाने स्वतःच्या किनाऱ्यापर्यंत नेलं, पण उतरू दिलं नाही. भाऊ यूनुस आणि गावची माणसं जहाजावर येऊन भेटली, शूफ तुमची वाट बघतंय म्हणाली, आणि जहाज परत फिरलं. हे वाचल्यापासून तो पलाझ्झोतला पाहुणा मला कधी सुखी वाटला नाही. समोर डोंगर दिसतोय आणि पाय ठेवता येत नाही.

केळफूल
बापरे. हे मला माहीत नव्हतं. फिरेंझे, धन्यवाद. उद्या डब्याच्या वेळी हे सांगते.

मिठाचा खडा
सगळं ठीक, पण त्याचा धर्म कोणता होता शेवटी? द्रुझ म्हणता, चर्चं बांधू देतो म्हणता, इटलीला जाऊन राहतो म्हणता.

बोरूबहाद्दर
@मिठाचा खडा, हाच प्रश्न त्याच्या समकालीनांनाही पडला होता. जन्माने द्रुझ. उस्मानी दरबारात वागणं सुन्नी मुसलमान सरदाराचं, दुसरं काही चाललंच नसतं. सँडिस म्हणतो हा कधी नमाज पढताना किंवा मशिदीत दिसला नाही. काही कापुचिन पाद्र्यांची खात्री की तो मनातून ख्रिस्ती होता. प्रत्येकाला आपल्या सोयीचा अमीर दिसला.

युरोपात तर त्याहून भारी थाप चालली होती. द्रुझ हे म्हणे फ्रान्सच्या द्रो गावच्या काउंटबरोबर आलेल्या क्रुसेडर सैनिकांचे वंशज! दोन्ही नावांत द्र आहे एवढाच पुरावा. वास्तविक द्रुझ पंथ अकराव्या शतकात कैरोत, फातिमी खलिफा अल-हाकिमच्या काळात सुरू झाला. पण मेदिचींना मदत मागायची तर "आम्ही तुमचेच दूरचे भाऊबंद" ही कथा बरी पडते. अमिराने ती खोडून काढल्याचं दिसत नाही.

चहाबाज
म्हणजे चहाबाज हे चेकोस्लोव्हाकियाचे वंशज. च आहे.

निवृत्त सुभेदार
नमस्कार. मी वाचक आहे, फार लिहीत नाही. पण ह्या धाग्यावर लिहिलं पाहिजे, कारण मी ह्या मुलुखात राहिलोय.

दक्षिण लेबननमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत १९९८ पासून भारताची बटालियन असते. आमचं ठाणं एबेल अस-साकी गावाजवळ. जवळच हस्बाया, द्रुझ गाव. पांढरी टोपी आणि काळी सलवार घातलेले म्हातारे, हात छातीवर ठेवून सलाम करतात. आमची निळी टोपी बघितली की "हिंदी, हिंदी" म्हणून कॉफी पुढे. कॉफी कडू, वेलची घातलेली, कप एवढासा. नको म्हणायचं नाही.

हस्बायाच्या खाली सूक अल-खान म्हणून जागा आहे. जुन्या सराईचे अवशेष आणि दर मंगळवारी बाजार. शेळ्या, ऑलिव्ह, साबण, जुने कपडे, प्लास्टिकच्या बादल्या, थेट आपला तालुक्याचा आठवडी बाजार. एका मंगळवारी आमचा दुभाषा तिथल्या एका भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, इथे अमिराचा मुलगा पडला. मी म्हटलं कुठला अमीर? तेव्हा त्याने ही हकिकत सांगितली. १६३३ त दमास्कसचा कुचुक अहमद पाशा मोठी फौज घेऊन आला. अमिराचा थोरला मुलगा अली ह्याच भागात लढताना मेला. तिथून अमिराचं सगळंच कोसळत गेलं.

त्या भिंतीला टेकून एक बाई लिंबं विकत होती. मी पिशवीभर घेतली. बाकी इतिहास तुम्ही लोक जाणता.

दिवेलागण
सुभेदार काका, असं अधूनमधून लिहीत जा हो. हा प्रतिसाद धाग्यापेक्षा मोठा आहे.

शिळोप्या
+१. वाचनखूण साठवली.

हिशेबनीस
काकांना सलाम. शेवटाचा विषय निघालाच आहे तर पूर्ण करतो.

मुलगा पडल्यावर अमीर निह्याजवळच्या कड्यातल्या गुहेत गेला. उभ्या कातळात कोरलेला किल्लाच तो. पाशाच्या लोकांनी तिथल्या पाण्यात जनावरांचं रक्त आणि आतडी टाकून ते नासवलं, असं परंपरा सांगते. मग तो जझ्झीनच्या गुहेत लपला. तिथे कड्याभोवती आगी पेटवून, तापलेल्या कातळावर सिरका ओतून दगड फोडत वाट काढली म्हणतात. धुराने जीव नकोसा झाला तेव्हा तो बाहेर आला. बाप लपलेला असताना मेला, मुलगा लपलेला असताना सापडला.

इस्तंबूलला सुरुवातीला बरं वागवलं. पण इकडे डोंगरात त्याचा पुतण्या मुल्हिम पुन्हा उठला आणि १६३५ च्या एप्रिलमध्ये अमिराला मुलांसह मारलं. गंमत अशी की घराणं त्याने संपलं नाही. तोच मुल्हिम पुढे शूफचा मक्ता चालवत राहिला, आणि मआनांचा वंश १६९७ त खुंटल्यावर कारभार शिहाब घराण्याकडे गेला. सरकारला माणूस नको होता, वसुली हवी होती.

गडकोट
उशिरा आलो. तीन दुरुस्त्या.

एक. देर अल-कमरच्या चौकातली अष्टकोनी मिनाराची मशीद गाइड लोक ह्याच अमिराची म्हणून दाखवतात. ती १४९३ ची, पहिल्या फख्रुद्दीनची. नाव एक म्हणून श्रेय एकाला.

दोन. सीरियात पाल्मिराच्या अवशेषांवर टेकडीवर जो किल्ला आहे त्याला फख्रुद्दीनचा किल्ला म्हणतात. बांधकाम त्याच्या बरंच आधीचं आहे. त्याचा अंमल तिथवर पोचला आणि नाव चिकटलं. मी २००९ त तिथे सूर्यास्त बघितलाय. खंदकावरच्या जिन्यावरून वर जाताना पाय लटपटत होते. २०१६ च्या लढाईत त्या जिन्याची वाट लागली.

तीन. त्याला सुलतानाने "हलबपासून (म्हणजे अलेप्पोपासून) जेरुसलेमपर्यंतचा जमिनीचा सुलतान" असा किताब दिला, असं अजून छापलं जातं. उस्मानी दप्तरात त्याला आधार मिळत नाही. इतिहासकार अब्दुल-रहीम अबू-हुसैन ह्यांनी इस्तंबूलचे सरकारी हुकूम वाचून काढले. इतिहासकार कमाल सलीबींनीही, स्वतः लेबनीज असून, हेच मांडलं की "लेबननची अमिरात" नावाचं वंशपरंपरागत राज्य तेव्हा नव्हतंच. होती ती दरसाल नूतनीकरण होणारी वसुलीची नेमणूक. आजचा लेबनन १९२० त फ्रेंचांनी नकाशावर आखला. नव्या देशाला जुना पूर्वज लागतो. द्रुझ अमीर, मारोनाइट प्रजा, बंदरात युरोपी व्यापारी, आणि तुर्कांशी वैर. शोधूनही ह्याहून सोयीचा सापडला नसता.

बोरूबहाद्दर
गडकोट, दुरुस्त्या मान्य, पण थोडा थांबा. दप्तर कोणाचं? सरकारचं. सरकारच्या कागदात हा कायम बंडखोर नाहीतर थकबाकीदार किंवा नेमणूकदार म्हणूनच येणार. दुवैहीच्या कागदात तारणहार, सँडिसच्या कागदात कोल्हा. अंजरला त्याने पाशाला कैद केलं आणि मग काय केलं? त्याचा मान राखला, आपल्या नेमणुका पक्क्या करून घेतल्या आणि सोडून दिलं. निव्वळ मक्तेदार पाशाला धरायला धजला नसता. आणि स्वतंत्र राजा व्हायचं असतं तर त्याला सोडलं नसतं.

गडकोट
हे वाक्य मी चोरणार आहे.

उंबरठा
इथे कोणी बैरुतमधल्या त्याच्या बागेबद्दल लिहिलं नाही, म्हणून भर घालते. तो मेल्यावर साठेक वर्षांनी, १६९७ त, हेन्री माँड्रेल नावाचा इंग्रज पाद्री तिथून गेला. वाड्याच्या दाराशी संगमरवरी कारंजं, आत घोड्यांच्या पागा, सिंह ठेवायचे पिंजरे. आणि संत्र्यांची बाग, सोळा चौकोनांत आखलेली, चार-चारच्या ओळी, मधून पायवाटा, फळांनी लगडलेली झाडं. इटलीत बघून आलेलं सगळं त्याने इथे मांडलं होतं. माँड्रेल आला तेव्हा त्या बागेचा शेळ्यामेंढ्यांचा कोंडवाडा झाला होता आणि पाय गुडघ्यापर्यंत घाणीत रुतत होते.

मी बागकाम करते म्हणून असेल, त्या सोळा चौकोनांचं वाईट वाटलं.

खडीसाखर
अवांतर: संत्र्यांना लेंडीखत उत्तम असतं.

उंबरठा
खडीसाखर :D गुडघाभर नाही हो!

गडकोट
आता भारताचा धागा जोडतो, मूळ प्रश्नाशी संबंध नसला तरी. अमिराचा धाकटा मुलगा हुसैन. वय लहान म्हणून त्याला मारलं नाही, इस्तंबूलला दरबाराच्या छायेत वाढवलं. तो मोठा होऊन उस्मानी दरबारात मानकरी झाला, आणि १६५६ त सुलतानाने त्याला वकील म्हणून पाठवलं कुठे, तर शाहजहानकडे! मआनजादा हुसैन आगा. १६५६ म्हणजे इकडे जानेवारीत महाराजांनी जावळी घेतली ते वर्ष, आणि औरंगजेब दख्खनचा सुभेदार. ज्या घराण्याच्या गळ्याला त्या दरबाराने फास लावला त्याच दरबाराचं पत्र घेऊन हा मुलगा हिंदुस्थानात आला. पुढे उस्मानी इतिहासकार नईमाला माहिती पुरवणाऱ्यांतही हाच.

केळफूल
काय सांगता!! हे तर त्या दोघांनाही माहीत नसणार.

मिठाचा खडा
बापाला मारणाऱ्यांची नोकरी केली. ह्यावर कोणी कवन नाही का लिहिलं?

दिवेलागण
@मिठाचा खडा, तेव्हा तो पोर होता. दुसरं काय करायचं होतं त्याने? लिहायला सोपं आहे.

शिळोप्या
शब्दांचं एक राहिलं. आपला "उमराव" म्हणजे उमरा, आणि उमरा हे अमीरचं अरबी अनेकवचन. म्हणजे एकटा उमराव म्हणजे व्याकरणाने अनेक अमीर. फख्रुद्दीनचे इतके अवतार वाचल्यावर त्यालाच हा शब्द शोभतो.

केळफूल
मंडळी, सोमवारचा वृत्तान्त.

फलाफल आला. मी आधी जहाजावरून न उतरू दिल्याची गोष्ट सांगितली. शूफवाला गप्प झाला. त्याला माहीत होती, आजी सांगायची म्हणे, पण आजीच्या गोष्टीत अमीर रात्री पोहत किनाऱ्यावर येतो, मूठभर माती घेतो आणि परत जातो. बैरुतवाली म्हणाली, असं कुठल्याही कागदात नाही. तो म्हणाला, माझी आजीही कुठल्याही कागदात नाही.

मग मी बोरूबहाद्दरांचं पाशाला धरून सोडल्याचं वाक्य टाकलं (श्रेय दिलं, काळजी नसावी). त्यावर ती म्हणाली, हे बरोबर आहे. तोही म्हणाला, हे बरोबर आहे. दोघांना वाटतंय की आपण जिंकलो.

हुसैनची गोष्ट दोघांनाही नवी. ती लगेच फोनवर शोधायला लागली. त्याने कपाटातून तुतीच्या सरबताची बाटली काढली, गावाहून आणलेली, गडद जांभळी, बर्फ घालून प्यायची. कोकम सरबताची बहीण म्हणा, आंबटपणा कमी. माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर थोडं सांडलं. डाग जात नाहीये. कोणाला उपाय माहीत असेल तर सांगा.

उंबरठा
तुतीचा डाग कच्च्या हिरव्या तुतीने चोळला की जातो, आमची आजी करायची. दुबईत कच्ची तुती मिळत नसेल तर लिंबू आणि मीठ, आणि उन्हात.

चहाबाज
लिंबं सुभेदार काकांकडे आहेत. पिशवीभर.